सुभद्राबाईंचा पट

माझं नाव हरिश्चंद्र. नावाप्रमाणे वागलो असतो तर हे लिहायची पाळी आली नसती.

सुभद्राबाई आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या असं म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी उभं राहतं. शाळा म्हणजे तारीवाडीतली दोन खोल्यांची कौलारू इमारत, पुढे मातीची पडवी, पडवीपुढे उंडीचं एक झाड आणि त्यापलीकडे वाळू. मुख्याध्यापिका म्हणजे दोन शिक्षकांतल्या ज्या जुन्या त्या. दुसरा मी. मालवणहून निघायचं, अर्धी वाट पायी तुडवायची, मग खाडीवर तरीची, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीची, वाट बघायची, आणि पलीकडे उतरल्यावर पुन्हा वाळूतून पाय ओढत जायचं. १९५३ साली मी नुकताच व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन तिथे रुजू झालो, तेव्हा बाई पडवीत पाय पसरून मशेरी लावत बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्याही नाहीत.

"इलास? बसा. आज दमलंय मी," त्या म्हणाल्या.

हे वाक्य पुढची तीन वर्षं मी रोज ऐकलं. बाई मसुऱ्याच्या, भातशेतीवाल्या घरातल्या. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला. बापाने हट्टाने शिकवून शिक्षिका केलं. मी बघितलं तेव्हा चाळिशी उलटली होती आणि अंगात दम असा नव्हताच. खुर्चीत बसल्या की उठताना टेबलाला धरत. पोरांवर खेकसत, वेळ पडली तर धपाटाही घालत. कोणी त्यांना देवी वगैरे म्हणेल तर ते मला चालणार नाही. त्यांना दुपारी वर्गात डुलकी लागे, आणि ती लागली की अख्खी शाळा कुजबुजत बोले.

माझा आणि त्यांचा खटका उडाला तो पटावरून. पटावर एकेचाळीस नावं, आणि त्यातली पाच-सहा माझ्या मते तिथे नकोच होती. सुगंधा दोन वर्षांची असताना तापात बहिरी झालेली, तेव्हापासून मुकी. बाबली तेरा वर्षांचा होऊन दुसरीत. वीसच्या पुढचे आकडे त्याच्या डोक्यात राहतच नसत. एकाचा पाय लुळा, त्याचा भाऊ त्याला पाठुंगळीला मारून आणायचा. आणखी दोघंतिघं अशीच. तालुक्यातल्या इतर शाळांत अशी पोरं नसत असं नाही, पण तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांना खडीसाखर देऊन सांगत, उद्या घरीच थांबा. काही ठिकाणी जूनमध्येच नाव काढून टाकत. आम्हा मास्तर लोकांत याला पट पाखडणं म्हणायचे. निकाल चांगला लागायचा, शेरा चांगला मिळायचा, आणि साहेबाच्या पुढून जायची वेळ आली तरी घाम फुटायचा नाही.

मी पहिल्याच वर्षी बाईंना म्हणालो, "आपणही पाखडूया."

"पाखडलेला जाता खंय, मास्तर?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, घरी जातं, आणखी कुठे? त्यावर त्यांनी मला रापणीची गोष्ट सांगितली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीने ते समुद्रात फिरवून टाकतात, आणि त्याचे दोन दोर वाडीतली पन्नास-साठ माणसं वाळूत उभी राहून ओढतात. मसुऱ्याहून आलेल्या बाईंना यातलं काडीचं ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी त्या नुसतं बघायला म्हणून गेल्या, लाटेने पायाखालची वाळू ओढली, आणि पडू नये म्हणून त्यांनी जवळचा दोर धरला. जाळं वर आलं, मासे वाटायची वेळ झाली, तेव्हा तांडेलाने, म्हणजे रापणीच्या म्होरक्याने, त्यांच्यापुढे पाच बांगडे ठेवले.

"दोराक हात लागलो, वांटो झालो," तांडेल म्हणाला.

"मी ओढूक नाय. मी धरून उभी ऱ्हवलंय," बाई म्हणाल्या.

"अर्धे तसेच उभे ऱ्हवतत," तांडेल म्हणाला आणि पुढच्या वाट्याला लागला.

म्हाताऱ्या, पोटुशी बाया, एका हाताचा माणूस, सगळ्यांना तिथे वाटा होता. बाईंना ते फार पटलं होतं. मला नाही पटलं. मी म्हणालो, "बाई, मासे वेगळे आणि पाढे वेगळे."

"आसत वेगळे. मासे संपतत," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या.

आता शिकवणं. बाईंना दमायला होई म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. बाबलीला पाढा शिकवायचं काम रोज एका पोराकडे. बाबली लाजत नसे, हा त्याचा मोठा गुण. तो एकच गोष्ट सात वेळा विचारायचा. "सात चोक किती म्हणलंस?" की शिकवणाऱ्याला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. आजूबाजूला बसलेली चार पोरं, ज्यांना येत नसे पण विचारायची लाज वाटे, ती बाबलीच्या आडून शिकून घेत. मला हे तेव्हा दिसत होतं, पण आळशी बाईचं सोंग वाटायचं. कामचुकारपणाला तत्त्वाचं नाव द्यायला माणसाला वेळ लागत नाही, असं मी मनात म्हणायचो.

सुगंधाची गोष्ट निराळी. समुद्रावर लाटांच्या आवाजात हाक पोचत नाही, म्हणून होडीतली माणसं आणि किनाऱ्यावरची माणसं हातांनी बोलतात. मासा कुठे आहे, जाळं कधी सोडायचं, वारा कुठून आहे, सगळं हातांनी. तारीवाडीतल्या पोरांना या खुणा चालायला लागल्यापासून येत. पाण्यातल्या खुणा त्यांनी घरातल्या गोष्टींनाही लावल्या होत्या. आईला एक, भाताला एक, मास्तरला एक. मास्तरची खूण नाक वर करून दाखवायची होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. सुगंधा या खुणांत बोलायची ती कुणालाही हरवील अशी. बाईंनी काय केलं, की पोरांनी खूण करून दाखवायची, त्या खुणेला काय म्हणतात ते सांगायचं, आणि बाईंनी तो शब्द पाटीवर लिहून सुगंधापुढे धरायचा. वर्षभरात तिला दीडदोनशे शब्द लिहिता येऊ लागले. पोरं सांगतील तेच शब्द, म्हणजे सगळे मालवणी. मी म्हणालो, शुद्ध तरी शिकवा. बाई म्हणाल्या, "आधी तोंडातला लिवूदे. शुद्ध मगे बघू."

वर्गात मी किंवा बाई बोलू लागलो की पोरांचे डावे हात आपोआप खाली मांडीजवळ हलत. सुगंधासाठी. मुद्दाम करतोय हेही त्यांच्या ध्यानात नसे. १९५५च्या जूनमध्ये ती चौथीत आली. बारा वर्षांची होती. चौथी झाली की तिला दाखला मिळणार होता, आणि त्या वाडीत दाखला मिळालेली ती तिसरी मुलगी ठरणार होती. बाई त्या वर्षी दुसरं काही बोलल्याच नाहीत. त्यांना काय हवं होतं ते एवढंच.

मला काय हवं होतं तेही सांगतो. ट्रेनिंगला पाठवायच्या मास्तरांच्या यादीत माझं नाव लागणार होतं. शेरा बरा आला तर.

तपासणीचे साहेब छप्पनच्या फेब्रुवारीत आले. उन्हाने लाल झालेले, बुटात वाळू गेलेली, आणि परतीची होडी गाठायची घाई. माणूस वाईट नव्हता. एका दिवसात तीन शाळा उरकायच्या म्हटल्यावर कुठला माणूस चांगला राहील? धाकटी पोरं गोंधळ करत होती म्हणून बाई त्यांना घेऊन उंडीखाली गेल्या. चौथीच्या वर्गात साहेब आणि मी. साहेबांनी शुद्धलेखन सांगायला घेतलं.

"लिहा. नाव समुद्रात गेली. जोराचा वारा सुटला. जाळ्यात पुष्कळ मासे सापडले. आई घरी वाट पाहते."

पोरांनी उजव्या हातांनी लिहायला सुरुवात केली आणि डावे हात मांडीजवळ हलू लागले. तळहात पुढे सरकला, लाटेसारखा वळला, मूठ मिटली. सवय ती. शेवटच्या वाक्याला साहेबांच्या नजरेस ते पडलं.

"थांबा. हे काय चाललंय? हे खुणा करतायत एकमेकांना," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मास्तर, ही नक्कल कोणी शिकवली यांना?"

एक वाक्य पुरे होतं. साहेब, ती मुलगी बहिरी आहे, तिच्यासाठी आहे. पण तसं म्हटलं असतं तर दुसरा प्रश्न येणार होता, की बहिरी मुलगी चौथीत कशी, आणि तिसरा, की आणखी कोण कोण आहेत अशी. बाबली अजून दुसरीतच, पण धाकट्यांबरोबर बाहेर न जाता मागच्या रांगेत तोंड उघडं टाकून बसला होता. मी कानांवर हात ठेवले. "मला कल्पना नाही, साहेब. बाईंचा वर्ग आहे," मी म्हणालो.

"सगळ्यांच्या पाट्या पुसा. शुद्धलेखन रद्द."

मी ओलं फडकं घेऊन रांगेतून निघालो. पोरं काही बोलली नाहीत. साहेबापुढे मालवणी बोलायचं नाही असं मीच त्यांना शिकवलं होतं, आणि शुद्ध बोलून भांडता येण्याइतकं शुद्ध त्यांना येत नव्हतं. सुगंधाच्या पाटीशी आलो. साहेबांचं एक वाक्य आणि तिचं एक वाक्य यांत सारखं फार थोडं होतं. तिने लिहिलं होतं: होडी दर्यात गेली. वारो सुटलो. जाळ्यात म्हावरा गावला. आवस वाट बघता.

मी लिहिणारा-वाचणारा माणूस आहे. मला तिथल्या तिथे समजलं. नक्कल केली असती तर 'नाव' लिहिलं असतं, 'समुद्र' लिहिलं असतं. या मुलीने अक्षरं चोरली नव्हती, अर्थ समजून घेऊन आपल्या शब्दांत मांडला होता. ती पाटी नुसती साहेबांपुढे धरली असती, तरी पुढचं सगळं टळलं असतं. सुगंधा माझ्याकडे बघत होती, कारण तिला वाटलं मी ती बघून खूश होईन. मी फडकं फिरवलं.

बाई धावत आत आल्या तेव्हा सगळ्या पाट्या काळ्या होत्या. त्यांनी साहेबांना सांगितलं, कचेरीतल्या मराठीत, अडखळत. "साहेब, ती मुलगी बहिरी आहे. मुलं तिला खुणांनी सांगतात. तिची पाटी बघा, तिला येतं."

"पाट्या पुसल्या. आणि बाई, बहिऱ्या मुलीला इथे ठेवता कशाला? मुंबईला अशांच्या वेगळ्या शाळा आहेत."

"मुंबई लांब आहे, साहेब. ही जवळ आहे."

साहेबांनी घड्याळ बघितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पाटी बघितली असणार हे त्यांना कळलं होतं, कारण पुसणारा मीच होतो. त्या मला चार शब्द बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेरेबुकात साहेबांनी लिहिलं की विद्यार्थी खुणांच्या साहाय्याने नक्कल करतात व त्यास मुख्याध्यापिकेचे उत्तेजन आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, आणि तेही दुसऱ्यांच्या हातांनी.

जूनमध्ये बाईंची बदली घाटाच्या पायथ्याच्या एका शाळेत झाली. तिथून मसुरं गाठायला दीड दिवस लागे. त्यांना पोचवायला वाडीतली निम्मी माणसं तरीपर्यंत आली. ट्रंक डोक्यावर घेऊन बाबली पुढे होता. तरीत बसताना बाई मला म्हणाल्या, "पट सांभाळा, मास्तर. चेडवाचा एकच वर्ष ऱ्हवला हा."

शुद्धलेखन रद्द झाल्यामुळे बाकीच्या पोरांसोबत सुगंधाही चौथीतच राहिली होती. एक वर्ष. मला फक्त ती बसायची जागा तशीच ठेवायची होती, बाकीचं पोरांनी केलं असतं. मी त्याच महिन्यात पट पाखडला. पाच नावांवर तांबड्या शाईने रेघ मारली आणि पुढे कारण लिहिलं, सतत गैरहजर. सतत गैरहजर असलेली ही पाच पोरं त्या वेळी दारात उभी होती. मी त्यांना आत घेतलं नाही. आठ दिवस ती येत राहिली आणि उंडीखाली बसून राहिली. सुगंधा पाटी घेऊन यायची आणि खिडकीतून पोरांचे हात दिसतात का बघायची. मी पोरांना हात बाकावर ठेवायला लावले. नवव्या दिवशी झाडाखाली कोणी नव्हतं.

पुढच्या तपासणीत निकाल उत्तम लागला. मी ट्रेनिंगला जाऊन आलो आणि तिथेच मुख्याध्यापक झालो. वर्ग शांत होता. इतका शांत, की कोणाला काय येत नाही ते कळायचंच नाही. सात वेळा विचारणारा गेला होता, आणि त्याच्या आडून शिकणारी चार पोरं आता मान खाली घालून नापास होत होती. पुढच्या जूनला मला आणखी तीन नावं पाखडावी लागली, त्याच्या पुढच्या जूनला चार. पाखडायला घेतलं की सुपात नेहमीच काहीतरी उरतं. चांगल्या पोरांचं तरी भलं झालं म्हणावं, तर तेही नाही. ती पाठ करत आणि विसरत. कोणाला समजावून सांगायची गरजच उरली नव्हती.

१९५९ साली आंगणेवाडीच्या जत्रेत बाई भेटल्या. गर्दीत कोणीतरी बाही धरली, वळून बघतो तर त्या. केस पिकलेले, धाप लागलेली. दर्शनाच्या रांगेतून बाहेर येऊन एका दगडावर बसल्या आणि मलाही बसवलं. मी मनाशी ठरवलं, आता सांगून टाकायचं. पाटीवर काय होतं ते, रेघ मारली ते, सगळं.

त्यांनीच आधी विचारलं. "सुगंधा चौथी झाली मां?"

"झाली," मी म्हणालो.

"दाखलो दिलास?"

"दिलाय, बाई."

त्यांनी डोळे मिटले. हसल्या की काय ते मला नीट दिसलं नाही. "बरा झाला. माका तुमचो राग होतो हो, मास्तर. उगीच होतो," त्या म्हणाल्या. देवीच्या दारात मी एवढं खोटं बोललो आणि वर त्यांच्याकडून माफीही घेतली. १९६४ साली त्या मसुऱ्याला वारल्या. मला आठ दिवसांनी कळलं.

सदुसष्टच्या जूनमधली गोष्ट सांगतो आणि संपवतो. मी नवीन पोरांची नावं दाखल करून घेत बसलो होतो. बाबली आत आला. आता रापणीवरचा चांगला दणकट गडी, भरघोस मिशांचा. त्याच्यामागे सुगंधा. तिचं लग्न वाडीतच झालं होतं, नवरा होडीवर. तिच्या हाताला सहा वर्षांचा मुलगा, स्वच्छ विंचरलेला, नवीन पाटी काखेत. पोरगा चांगला बोलका होता. बाबलीने त्याचं नाव सांगितलं, सत्यवान. मी अर्ज भरला आणि पालकाच्या सहीशी आलो.

मी टाक दौतीत बुडवून तिच्यापुढे धरला. तिला येतं हे जगात ज्या माणसांना पक्कं माहीत होतं त्यांतला मी एक होतो, आणि मला ते बघायचं होतं. अकरा वर्षांनी का होईना, तिने माझ्या डोळ्यांसमोर आपलं नाव लिहावं, आणि मग मला थोडं हलकं वाटावं, एवढाच माझा स्वार्थ.

तिने टाकाकडे बघितलं. टाक बाजूला सारला आणि शाईच्या पॅडकडे बोट केलं.

"बाबली, तिला लिहिता येतं ना रे?" मी विचारलं.

"येता तर. घराक ढीगभर लिवता. भिंतीर लिवता, झिलाक शिकवता," बाबली म्हणाला. मग तो तिच्याकडे वळला आणि त्याचे हात भराभर हलले. तिनेही उत्तर दिलं. इतक्या वर्षांत मी त्या खुणा शिकलो नव्हतो, म्हणून वाडीत ज्याला सगळे खुळा म्हणत त्याच्याकडून मला ते समजून घ्यावं लागलं.

"काय म्हणते?"

बाबली जरा घुटमळला. "म्हणता, घराक लिवलेला ऱ्हवता. हंय लिवलेला पुसतत."

तिने डावा अंगठा पॅडवर दाबला, अर्जावर उमटवला, आणि पदराने नीट पुसला. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून त्याला पहिलीच्या वर्गाकडे ढकललं. मग दोघं वाळूकडे निघून गेली.

अंगठ्यापुढे निशाणी कोणाची ते लिहायचं असतं, आणि पालकाच्या शिक्षणाच्या रकान्यात शिक्षण. तिचा दाखला नव्हता, सही नव्हती. मी रकान्यात लिहिलं, निरक्षर.